ऐनावरचे खुंट

सगुणा गेली त्या सकाळी मी ऐनाच्या झाडावर होतो.

माघ महिना होता. राबासाठी कवळ तोडायचे दिवस; पालेदार फांद्या तोडायच्या, वाळवायच्या आणि भाताचं रोप टाकायच्या जागेवर जाळायच्या. खाली धरणाच्या पाण्यावरून धुकं उठत होतं आणि डोंगराला चढत होतं. मी वर, धुकं माझ्या पायाखाली. वाडीची घरं मधूनच दिसत, मधूनच जात. कोयता मारला की फांदी कडाडून सुटायची आणि धुक्यात बुडायची. पडल्याचा आवाज मागाहून यायचा.

एकदा धुकं जरा फाटलं तेव्हा आमचं अंगण दिसलं. अंगणात बायका उभ्या होत्या. कुणी काही निवडत नव्हतं, कुणाच्या कमरेवर हंडा नव्हता. मला वाटलं, कासारीण आली असेल. मग धुकं परत मिटलं.

थोड्या वेळानं झाडाखालून कोंडिबाची हाक आली. कोंडिबाचं घर आमच्या घराला लागून. लहानपणापासूनचा सोबती.

"बहिरू, खाली ये."

"का रं?"

"तुजा पाडा सुटलाय. नथूच्या वावरात शिरलाय."

"मंग धर की. तुला काय हात न्हाईत?"

"मला धरू देईना. तू ये."

मी अंगणाकडं बघितलं. धुकं पुन्हा फाटलं होतं, पाडा जांभळीखाली बांधलेला दिसत होता. मी कोंडिबाकडं बघितलं. तो वर बघत नव्हता. झाडाच्या बुडाकडं बघत बोलत होता.

आमच्याकडं झाडावरच्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. आधी त्याला खाली घेतात. मला हे ठाऊक होतं. मीही असं एकदा दुसऱ्याला खाली घेतलं होतं. तरी मी पाडा धरायलाच निघाल्यासारखा उतरू लागलो.

"डावा पाय," कोंडिबा म्हणाला. "खुंट हाय तितं. आता उजवा. सावकाश. पाडा कुटं पळून जात न्हाई."

ऐनाची फांदी बुडापासून छाटत नाहीत. वीतभर खुंट ठेवतात. पुढच्या वर्षी त्याच्यावर पाय देऊन चढायचं, त्याच्यावर पाय देऊन उतरायचं. त्या ऐनावर माझ्या वडिलांनी ठेवलेले खुंट आहेत आणि मी ठेवलेले आहेत. मी एकेकावर पाय देत खाली आलो. पाय जमिनीला लागल्यावर कोंडिबानं आधी माझ्या हातातला कोयता घेतला आणि मागं टाकला. मग म्हणाला,

"वैनी गेल्या रं."

अर्धा ऐन तोडून झाला होता. अर्धा राहिला.

*

सगुणाला दमा होता. लग्न होऊन आली त्यानंतर एकदोन पावसाळ्यांत सुरू झाला तो गेला नाही. पावसात यायचा, थंडीत यायचा, राबाच्या धुरात यायचा. ती धोतऱ्याची वाळकी पानं निखाऱ्यावर टाकून धूर घ्यायची. त्यानं जरा मोकळं व्हायचं. जोर असला की आडवं पडता यायचं नाही, मग ती वाकून बसायची. भिंत ओली आणि गार, म्हणून मी तिच्या मागं पाठीला पाठ लावून बसायचो. टेकायला काहीतरी पाहिजे म्हणून. बसता बसता तिचा श्वास हळूहळू माझ्या श्वासावर यायचा. मी काही बोलायला गेलो तर म्हणायची, "तुमी बोलू नका. नुसतं बसा."

एकदा भात झोडताना तिनं मला सांगितलं, "दमा येतो त्याचं काय वाटत न्हाई वो. येतो आन जातो. पर तो नसतो तवा बी मी त्याची वाट बघत असती. पाणी वढताना, दळताना. आला का, आला का. त्यानंच माणूस दमतं."

मी पेंढी उचलली.

आम्हाला एकच मूल जगलं, तुळजा. तिनं सातवीची फायनल द्यावी हे सगुणाच्या मनात होतं. आमच्या वाडीतली कुठली मुलगी तिथवर गेली नव्हती. सगुणा भाकरी थापताना तिच्याकडून धडे म्हणून घ्यायची. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण तुळजा अडखळली की हिला कळायचं.

"माजी लेक शाळंत बाई हुईल," ती म्हणायची. "खुर्चीवर बसंल. उद्या तिला बी दम लागला तर बसून शिकवता येतं. वावरात बसून लावणी व्हत न्हाई."

परीक्षा चैत्रात होती. सगुणा माघात गेली.

*

तेराव्यानंतर मी कोयता घेऊन ऐनाकडं गेलो. पहिल्या खुंटावर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला. कोंडिबानं हाक मारली होती त्या उंचीवर आलो आणि अंगणाकडं बघितलं. अंगण रिकामं होतं. ऊन पडलं होतं, कोंबड्या फिरत होत्या. माझे हात झाडाला चिकटले. सुटेनात. पाठीला घाम फुटला आणि कानात नुसता वारा भरल्यासारखं झालं. काहीच झालेलं नव्हतं. तरी मला वाटत होतं, आता खालून कुणीतरी हाक मारील.

कसाबसा उतरलो. घरी सांगितलं, कोयत्याला धार नाही.

धार लावून परत गेलो. परत तेच झालं. मग मी जंगलात खाली पडलेला पाला गोळा करू लागलो.

कोंडिबानं बघितलं. "काय रं, कवळ तोडायचं सोडून पाला झाडाय लागलास?"

"यंदा पाल्याचाच राब करायचा हाय."

"पाल्याचा राब म्हंजी इडी वढल्यागत. पेटला म्हनंस्तवर इझला."

"इझूं दे."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. पण दोनतीन दिवसांनी आमच्या बांधावर कवळाचे भारे येऊन पडले. त्याच्या झाडांचे.

घरात आता माझी थोरली बहीण गोजराआक्का येऊन राहिली होती. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आली, वाडीतच एका खोपटात राहायची. आक्काचं बोलणं कडक आणि हात कामाला वाघ. सगुणाची चूल तिनं पहिल्या दिवशीच सारवून काढली. मला त्या दिवशी चुलीकडं बघवलं नाही.

*

एका दुपारी शाळेचे गुरुजी तुळजाला घेऊन घरी आले. पोर पांढरी पडली होती. हाताची बोटं आखडून वाकडी झाली होती. तोंडानं भराभरा श्वास घेत होती तरी तिला तो पुरत नव्हता.

"गणित घातलं होतं," गुरुजी म्हणाले. "फळ्यापुढं उभी राहिली आणि असं झालं. मागच्या आठवड्यातही झालं होतं. मला वाटलं, उन्हानं."

आक्कानं एकदा बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आईचा दमा उतरला ग पोरीत!"

"आक्का, हळू बोल."

"हळू बोलून काय दमा जातोय? बाजूला हो."

फळीवर सगुणाचा डबा तसाच होता. त्यात धोतऱ्याची पानं. आक्कानं खापरात निखारे घेतले, वर पानं टाकली, तुळजाच्या डोक्यावर सगुणाचंच जुनं लुगडं पांघरलं आणि तिला धुरावर वाकवलं. मी धरून बसलो. सगुणाला मी असंच धरायचो.

पोरीचा श्वास सावकाश झाला खरा. पण थोड्या वेळानं तिची जीभ जड झाली. पाणी मागू लागली, पाणी दिलं तर गिळता येईना. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की डोळे काळेच दिसत होते. ती चुलीकडं बघत होती.

"आबा," ती म्हणाली, "आई बसलीया."

"कुटं?"

"चुलीपुढं. धुरात. मागं बघंना."

कौलांच्या फटीतून ऊन आत आलं होतं आणि त्यात धूर हळूहळू फिरत होता. मीही बघितलं. चुलीपुढं पाट होता. पाटावर कुणी नव्हतं. धूर तिथं जरा दाट होता एवढंच. मला वाटलं, मीही थोडा धूर घेतला तर मलाही दिसेल. मी खापरावर वाकलोसुद्धा. पण आक्कानं खापर उचललं आणि दाराबाहेर नेऊन ओतलं.

"आता बास," ती म्हणाली. "ही पोर हितली ऱ्हायली न्हाई."

दिवेलागणीपर्यंत तुळजा असंच बोलत होती. आईशी बोलत होती. शाळेतलं सांगत होती, कोंबडीनं अंडी कुठं घातली ते सांगत होती. मी आणि आक्का उंबऱ्याशी बसून ऐकत होतो. आक्का रडत होती. मला रडू येत नव्हतं. किती दिवसांनी घरात सगुणाशी कुणीतरी बोलत होतं.

*

सकाळी तिला पौडच्या दवाखान्यात नेलं. एस.टी.च्या रस्त्यापर्यंत मी तिला पाठुंगळी घेतलं होतं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आधी सगुणाचं सगळं विचारून घेतलं, मग नळी लावून पुढून मागून बराच वेळ ऐकलं.

"छाती स्वच्छ आहे. दमा नाही," ते म्हणाले. "आणि धोतरा पुन्हा देऊ नका. विष आहे ते. वेळ बरी म्हणून वाचली."

"मंग ह्यो श्वास का कोंडतोय, साहेब?"

"भीतीनं."

"कसली भीती? परीक्षंची?"

"ते मला काय माहीत?" डॉक्टर हात धूत म्हणाले. "पण ती सोंग करत नाही एवढं ध्यानात ठेवा. अंग खरंच तसं करतं. घरचं कुणी दम्यानं गेलं की राहिलेल्यांना आपला श्वास मोजायची सवय लागते. तिला काय दिसतं ते विचारा. आणि विचारलं की गप्प बसा. सांगेपर्यंत."

औषध म्हणून त्यांनी काही दिलं नाही. मला ते पटलं नाही. एवढं लांब आलो आणि हात हलवत परत जायचं.

एस.टी.ला वेळ होता. आम्ही मुळा नदीवर जाऊन बसलो. पाणी थोडंच होतं, दगडांमधून वाहत होतं. दोन म्हशी डुंबत होत्या. मी भाकरी सोडली. तुळजानं तुकडा हातात धरला आणि खाल्ला नाही.

"काय दिसतं ग तुला, तवा?"

ती बोलली नाही. मीही गप्प बसलो. म्हशींतली एक उठली, वळली, परत बसली.

"आत्या दिसती," तुळजा म्हणाली.

"गोजराआक्का?"

"व्हय. मी फळ्यापुढं उबी व्हते. त्या दिशी. भागाकार मांडला व्हता, वरचा आकडा लिवत व्हते. आन आत्या दारात आली पळत. पदर नव्हता डोईवर. म्हनली, तुळजे, तुजी आय मेली. तितनंच. दारातनंच." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "आता गणित मांडलं की मला दार दिसतं. फळ्याकडं बघते तरी दारच दिसतं. वाटतं, आता कोन येतंय. मंग छातीत वर वर जातं. मंग वाटतं, आईचा दमा आला. मंग आनकीच वर जातं."

मला हे ठाऊक नव्हतं. मला झाडावरून खाली घेतलं होतं. पाडा सुटलाय म्हणून, एकेक पाय सांगून, हातातला कोयता काढून घेऊन. पोरीला कुणी खाली घेतलं नव्हतं. ती फळ्यापुढं तशीच वर राहिली होती.

आक्काला तरी काय बोलणार? ती त्या वेळी सगुणाला मांडीवर घेऊन बसलेली, तिथनं उठून पळत सुटली होती.

"मला बी व्हतं," मी म्हणालो.

"काय?"

"ऐनावर चढवत न्हाई. कोयत्याला धार हाय चांगली. मी खोटं बोललो व्हतो. वर गेलो की हात धरतात."

तिनं माझ्याकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी तिनं असं नीट बघितलं.

"म्हंजी कोंडिबाकाकानं कवळ दिलं ते त्यापायी?"

"व्हय."

"त्यास्नी ठावं हाय?"

"इचारलं न्हाई त्यानं. शाना हाय."

तिला थोडं हसू आलं. मग तिनं भाकरी खाल्ली.

*

आक्काचं मत वेगळं होतं. तिनं नेऱ्याकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं.

"घरात मरण झालं की वर्साच्या आत लगीन करावं लागतं. न्हाईतर तीन वर्सं थांबा. तवर ही घोडी व्हईल," ती म्हणाली. "आन दम्याचं बाहेर कळलं तर कोन करून घेतंय? वैशाखात उरकून टाक."

"दमा न्हाई तिला. डाक्टर बोलला."

"डाक्टरला काय कळतंय? मी सगुणाला बघितलीया."

"परीक्षा हुंदे. मंग बोलू."

"परीक्षंत पडली मंजी?"

"पडली तर पडली. पर बसंल."

"तू बाप हायस का कोन हायस?" आक्का चिडली. "तितं पौडला, चार गावच्या लोकांपुढं पोर आखडून पडली तर? कोन उचलंल? ते स्थळवाले पौडलाच बाजाराला येतात."

हे खरं होतं. मलाही तीच भीती होती.

चैत्राच्या तोंडाला राब भाजला. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा पेटवतात. कोंडिबा आणि मी कडेनं ओल्या डहाळ्या घेऊन उभे होतो. एका बाजूला कोंडिबाचं कवळ, दुसऱ्या बाजूला माझा पाला. आग धुमसत सावकाश सरकत होती, वरची माती भाजत होती. धूर उठला आणि उठून तिथंच राहिला. डोंगर गेला, घर गेलं, कोंडिबा गेला. फक्त त्याचं खोकणं ऐकू येत होतं. दर वर्षी ह्या दिवशी मी सगुणाला वाडीच्या पल्याड टोकाच्या घरी नेऊन बसवायचो. आज न्यायला कुणी नव्हतं. तरी दोनदा माझे पाय घराकडं वळले.

तुळजा बांधावर पुस्तक घेऊन बसली होती. ती गणितं मांडत होती, जमिनीवर काटकीनं. मध्येच थांबली. तिचे खांदे वर वर जाऊ लागले ते मला धुरातून दिसलं. मी डहाळी टाकली आणि जाऊन तिच्या मागं पाठीला पाठ लावून बसलो. काही बोललो नाही. तिची पाठ लहान आहे, आईपेक्षा लहान. पण हाडं तीच. माझा श्वास कामानं चढलेला होता, तो आधी मला खाली आणावा लागला. मग तिचा आला.

"कुटं हायस?" मी विचारलं.

"दारात."

"फळ्यावर ये. काय लिवलंय तितं?"

"भाज्य."

"मला भाज्य काय कळत न्हाई. फुडलं काय?"

"किती वेळा जातो ते बघायचं."

"मंग तेवढंच बघ. त्याच्या फुडचं बघू नको. एक खुंट. त्यावर पाय. मंग दुसरा."

ती काटकीनं लिहू लागली. धुरात मला तिचा आवाज येत होता आणि पाठीला पाठ लागलेली होती. काही वेळ मला कुणाची पाठ आहे ते कळेना. मी वळून बघितलं नाही. वळलो असतो तर कळलं असतं.

"बहिरू!" कोंडिबा ओरडला. "राब तुजा का माजा? मी एकटाच हितं कोळसा झालोय!"

*

परीक्षेच्या दिवशी पौडला शाळेपुढं मुलांची आणि बापांची गर्दी होती. कुणी उजळणी करत होतं, कुणी ओकत होतं. म्हणजे एकटी आमचीच तशी नव्हती. हे बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

सकाळचा भाषेचा पेपर झाला. दुपारी गणित. घंटा झाली आणि मुलं आत जाऊ लागली तेव्हा तुळजा पायरीवर थांबली. खांदे वर गेले. बोटं वाकू लागली. मागची मुलं तिला वळसा घालून जात होती. एकानं मागं बघून दुसऱ्याला कोपर मारलं.

मी तिच्या हातातली दौत आणि टाक काढून घेतला. कोंडिबानं कोयता घेतला होता तसा.

"आबा, मला न्हाई जमत."

"नको जमू दे. आईक. मी त्या उंबराखाली बसतुया. दाराच्या समोर. तुला आतनं मी दिसंन. आज ज्याला तुला काय सांगायचंय त्यो आधी माज्याकडं येईल. माज्यावरनं गेल्याबगर दारात कुनी येत न्हाई. कळलं?"

तिनं उंबराकडं बघितलं.

"डावा पाय," मी म्हणालो.

ती रडत होती की हसत होती कळलं नाही. पण तिनं डावा पाय वरच्या पायरीवर ठेवला. मग उजवा. वर गेल्यावर मी तिच्या हातात दौत आणि टाक दिला.

मी उंबराखाली बसलो. ऊन टळटळीत होतं. दार उघडं होतं आणि आत अंधार होता, त्यात मुलांची डोकी वाकलेली. तिसऱ्या रांगेत ती. माझे डोळे मिटायला लागले. समोरच्या पायरीवर सगुणा बसली आहे असं मला दिसलं. भाकरी थापते तशी हात हलवत होती आणि आतलं ऐकत होती. कुणी अडखळलं तर तिला कळणार होतं. मी डोळे पुरते उघडले तरी थोडा वेळ ती तिथं होती.

मग रस्त्यावर आक्का दिसली.

आक्का डोक्यावर पाटी घेऊन, अनवाणी, भराभरा शाळेकडंच येत होती. तिचा पदर मागं गेला होता. वाडीपासून उन्हातून चालत आली होती. तिची नजर दारावर होती. मी उठलो आणि पळालो. आत तुळजानं मान वर केली की सगळं संपलं, एवढंच मला दिसत होतं.

मी तिला वाटेतच गाठली. "आक्का, हितं ये. सावलीला बस आधी."

"का? काय झालं?"

"काय न्हाई झालं. बस."

"पोर कुटाय?"

"आत हाय. लिवतीया."

आक्का उभी राहिली. माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं. तिनं पाटी उतरवली आणि पदर डोईवर घेतला.

"मी न्हाई जायची दारात," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

"काय?"

"मी गेले तवा तिच्या हातातनं खडू पडला व्हता. त्यो आवाज आजून येतो मला." ती उंबराच्या मुळीवर बसली. "दमा मनत व्हते मी. दमा असता तर मी न्हाई ना केलं, आसं व्हतं. म्हनून दमा मनत व्हते."

मी तिच्याशेजारी बसलो. तिचे तळपाय भाजले होते. पाटीत भाकरी, कांदा आणि मिरचीचा ठेचा होता. ते घेऊन ती एवढी चालत आली होती.

"एस.टी.नं का न्हाई आलीस?"

"भ्या वाटतं मला त्या डब्यात. दार लावून घेत्यात."

मला हसू आलं. तिलाही आलं. आम्ही तोंडावर हात धरून हसलो, आत पेपर चालू होता म्हणून.

घंटा झाली. मुलं बाहेर आली. तुळजा दारात आली आणि तिनं उंबराखाली आत्या बघितली. ती तिथंच थांबली. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त गेलं ते मला एवढ्या लांबून दिसलं. मी उठणार, एवढ्यात आक्का बसल्या जागेवरून, हात वर करून बोलली. मोठ्यानं, पण सावकाश.

"तुळजे, भाकरी आनलीया ग. भाकरी हाय. आन दुसरं कायबी न्हाई."

तुळजा तशीच उभी होती.

"कायबी न्हाई झालं," आक्का परत म्हणाली. "समदी हायेत जागच्या जागी. पाडा बांधलेला हाय. तुजी कोंबडी खुडूक बसलीया. ये. सावकाश ये."

मग तुळजा पायऱ्या उतरली.

तिनं सांगितलं की एक गणित सुटलं आणि पुढच्याला श्वास वर गेला. तिनं टाक खाली ठेवला, दारातून माझ्याकडं बघितलं तर मी झोपलेला होतो. बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून. तिनं ठरवलं की वाईट काही असतं तर आबा झोपले नसते. मग तिनं टाक उचलला.

*

निकाल पाऊस सुरू व्हायच्या आधी आला. तुळजा पास झाली. गणितात काठावर. नेऱ्याचं स्थळ आक्कानंच परतवून लावलं. काय सांगितलं ते मला सांगितलं नाही. तुळजाचा श्वास अजून कधीकधी वर जातो. एकदा एस.टी.त गेला, तर आक्का तिच्या शेजारी बसली होती, ती म्हणाली, "तू माजा हात धर, मी बी भ्यालेली हाय." दोघी तशाच आल्या.

राबावर रोप चांगलं उतरलं. पाल्याच्या बाजूला जरा विरळ आहे.

परवा तुळजा माझ्याबरोबर जंगलात आली होती. ऐनाखाली थांबली आणि वर बघू लागली. एका अंगाला खुंट, दुसऱ्या अंगाला पानं. मधल्या पावसानं तोडलेल्या अंगालाही पालवी धरली आहे.

"मी खाली उबी ऱ्हाते आबा," ती म्हणाली. "पाय सांगते."

मी पहिल्या खुंटावर पाय ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. मग उतरलो. तिला म्हणालो, पुढल्या माघात बघू.

ऐनाचा उगवतीकडचा अर्धा भाग तोडायचा राहिला आहे.